टाकीच्या पुढच्या कोपऱ्यातले अकरा लिटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उड्डाण मंडळातले सर्वांत जुने वैमानिक, आदरणीय कॅप्टन; वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, विमान तपासनीस साहेब; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले दातांचे डॉक्टर; त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची पत्नी, म्हणजे माझी थोरली बहीण; मंडळाचे सचिव आणि पदाधिकारी; डॉक्टरांच्या खुर्चीत कधी ना कधी आ करून बसलेले आपण सर्व; आणि मागे दाराशी उभे असलेले माझे कारागीर मित्र, या सगळ्यांना माझा नमस्कार.

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी मी डॉक्टरांच्या विमानाची शेपटी उचलून लाकडी घोडीवर ठेवली.

भाषणाची सुरुवात अशी करतात का, मला ठाऊक नाही. सचिवांनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि बेल त्यांच्या हातात आहे. काय बोलायचं तेही त्यांनी एका कागदावर लिहून दिलंय. आधी जुन्या आठवणी, मग जिद्द, मग कुटुंबाचा पाठिंबा, शेवटी शुभेच्छा. कागद चांगला आहे. पण मी शेपटीपासून सुरू करतो, कारण गेले नऊ दिवस माझं मन तिथून हललेलं नाही.

ज्यांनी ते विमान जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन माणसं बसतील एवढं ते विमान. पुढे दोन मोठी चाकं आणि मागे शेपटीखाली बशीएवढं एक चाक. त्यामुळे जमिनीवर ते कायम नाक वर करून उभं असतं, मानपत्र मिळालेल्या माणसासारखं. डॉक्टर हसले, बरं वाटलं.

ते बशीएवढं चाक जड फिरत होतं. त्यात ग्रीस भरायचं म्हणून मी शेपटी उचलली. शेपटी वर गेली, नाक खाली आलं आणि विमान सपाट झालं. हवेत ते तसंच सपाट असतं. जमिनीवर जसं उभं असतं तसं ते उडत नाही. हे वाक्य मी आत्ता किती सहज बोललो. ते माझ्या डोक्यात शिरायला पाच महिने लागले.

असो. आधी रीतीप्रमाणे दोन शब्द सत्कारमूर्तींविषयी.

आपण सगळे त्यांना डॉक्टर म्हणता. मी दाजी म्हणतो आणि इथेही तेच म्हणणार आहे, कारण डॉक्टर म्हटलं की माझी दाढ ठणकायला लागते. दाजींनी तीस वर्षं या गावातल्या लोकांचे दात पाहिले. उद्यापासून त्यांचा दवाखाना बंद होतोय. संबंध दिवस लोकांच्या तोंडात डोकावून संध्याकाळी माणूस काय करतो? टीव्ही बघतो, पाय पसरतो. दाजींनी गॅरेजमधली गाडी बाहेर काढून रस्त्यावर उभी केली आणि गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं. गाडी नऊ वर्षं रस्त्यावर राहिली. माझी बहीण म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांना बाहेरचा नाद असतो, माझ्याला घरातच लागलाय."

मी पत्र्याचं काम करतो. पाण्याच्या टाक्या, धुराडी, हवा खेळवायच्या नळ्या. माझं शिक्षण गावच्या शाळेत झालं, तेही जेमतेम. विमानाशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण एका संध्याकाळी दाजी पंखाची पहिली फासळी घेऊन माझ्या दुकानात आले.

"वाकडी आहे का बघ."

"आहे."

"किती?"

"केसभर."

"मग टाकून देऊ."

"अहो दाजी, केसभरच आहे. पत्रा आहे, दाबून बसेल."

"दातात केसभर उंचवटा राहिला तर माणूस जेवू शकत नाही," ते म्हणाले आणि चार दिवस खपून केलेली ती फासळी त्यांनी माझ्या भंगारात टाकली.

त्या दिवशी मी मनात म्हटलं, या माणसाबरोबर काम करायला मिळालं तर आपल्या हाताचं सोनं होईल. झालंही तसंच. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. लोक म्हणतात, मामाने डॉक्टरांना मदत केली. इथे सगळे मला मामा म्हणतात. मूळची मामा म्हणणारी माझी भाची. तिचं घरातलं नाव भिंगरी. तिचं ऐकून अख्खं मंडळ मला मामा म्हणायला लागलं. तर लोक म्हणतात तसं नाही. मदत त्यांनी मला केली. केसभर म्हणजे किती असतं, ते मला त्यांच्यामुळे कळलं.

भिंगरी आज इथे नाही. चार वर्षांपूर्वी ती नोकरीला समुद्रापलीकडे गेली. विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा दाजींनी तिला फोन लावला होता. ती आनंदाने रडली, मग हसली, मग म्हणाली, "बाबा, एवढी नऊ वर्षं खपलात ते आपल्या गल्लीवरून घिरट्या घालायलाच का?" पोरीने थट्टा केली. पण दाजींना ती लागली. पुढच्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि मला म्हणाले, "तिच्या दारात जाऊन उतरायचं."

हिशेब सोपा आहे, सगळ्यांना समजेल. पंखांतल्या दोन टाक्यांत मिळून नव्वद लिटर पेट्रोल मावतं. इंजिन तासाला वीस लिटर पितं. म्हणजे साडेचार तास. आणि भिंगरीपर्यंतचा रस्ता आहे सव्वासात तासांचा, जवळजवळ सगळा पाण्यावरून. मध्ये उतरायला कुठे वीतभर जागा नाही. तेव्हा आणखी एक टाकी हवी, सत्तर लिटरची, आत, वैमानिकाच्या शेजारी.

"तू करशील?" दाजींनी विचारलं.

"मी पाण्याच्या टाक्या करतो, दाजी."

"पेट्रोल पाण्यापेक्षा हलकंच असतं."

हसू नका, ते खरंच असं म्हणाले. आणि मीही हो म्हटलं. का म्हटलं? अभिमान वाटला म्हणून. दुसरं कारण नाही. आयुष्यभर मी केलेल्या टाक्या लोकांच्या गच्चीवर गेल्या. माझी एक टाकी समुद्र ओलांडणार, हा विचार मला फार गोड वाटला. मी रोज कामाला हात लावण्याआधी हात जोडतो. त्या दिवशीही जोडले, पण मनात देव कमी होता आणि मीच जास्त होतो. हे आज मोकळेपणाने सांगतो.

टाकी मन लावून केली. अॅल्युमिनियमचा पत्रा, आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून भोकं पाडलेले दोन पडदे. विमानात बसवल्यावर तिचा मागचा कोपरा सर्वांत खाली येत होता, म्हणून पेट्रोल बाहेर काढायचं तोंड तिथे दिलं. तिथून पंप ते ओढणार आणि प्रवासात डावा पंख रिकामा होत आला की त्यात सोडणार. पाच महिन्यांपूर्वी मोजणी झाली. आपल्यातले बरेच जण त्या दिवशी मंडळाच्या शेडमध्ये होते. पाच-पाच लिटरच्या मापाने सत्तर लिटर ओतलं आणि पंपाने परत बाहेर काढलं. टाकीत उरलं फक्त अर्धा लिटर. कॅप्टन, तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारली होती, आठवतं? मी कागदावर लिहिलं, "वापरता येण्याजोगं पेट्रोल साडेएकोणसत्तर लिटर. मी स्वतः मोजलं आहे." खाली सही केली. त्या सहीवर साहेबांनी परवानगी दिली.

गावच्या शाळेत आमचे गुरुजी मापं शिकवताना एकच गोष्ट दहादा सांगायचे. आधी जागा सपाट आहे का बघा, मग भांडं ठेवा, मग मोजा. मी ते विसरलो नव्हतो. उलट मोजणीच्या दिवशी मी शेडच्या फरशीवर पाणसळ ठेवून पाहिली होती. फरशी अगदी सपाट होती. मी समाधानाने मान हलवली. फरशी सपाट होती, पण तिच्यावर विमान नाक वर करून उभं होतं. माझी टाकी त्याच्या पोटात तिरपी होती आणि त्या तिरपेपणाने सगळं पेट्रोल मागच्या कोपऱ्यात, बरोबर माझ्या तोंडापाशी येत होतं. मी विमानाखालची जमीन तपासली, विमान तपासलं नाही.

बेल वाजली, ऐकली. अध्यक्ष महोदय, मला आणखी थोडा वेळ हवा आहे. द्यावा अशी विनंती करतो.

धन्यवाद.

तर मंगळवारी सकाळी चाकात ग्रीस भरून झालं. शेपटी घोडीवरच होती. मनात आलं, जाता जाता टाकी एकदा धुऊन घ्यावी. वेल्डिंगचा एखादा कण आत राहिला असेल तर निघून जाईल. वीस लिटर ओतलं, पंप लावला, खाली कॅन ठेवला. थोड्या वेळाने पंप कोरडा घरघरायला लागला. मला वाटलं, पंप गेला. कॅन मोजला तर नऊ लिटर. झाकण काढून आत बॅटरी मारली. टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात पेट्रोल चमकत होतं. निवांत, हलत नव्हतं. तोंड मागे आणि पेट्रोल पुढे.

मी शेपटी खाली घेतली. पेट्रोल आपसूक मागे गेलं आणि पंपाने सगळं ओढून घेतलं. परत शेपटी वर, परत वीस लिटर, परत तेच. तीनदा केलं. तिन्ही वेळा अकरा लिटर आत राहिलं.

अकरा लिटर म्हणजे काय होतं? इंजिन तासाला वीस पितं, हे मघाशी सांगितलं. माझ्या सहीच्या कागदाप्रमाणे दाजी पलीकडे पोचतील तेव्हा त्रेचाळीस मिनिटांचं पेट्रोल शिल्लक असेल. खरं धरलं तर बारा मिनिटांचं. सव्वासात तासांच्या प्रवासात बारा मिनिटं. समोरून जरा वारा आला, किनाऱ्यावर ढग असले आणि एक फेरी जास्त मारावी लागली, की ती बारा मिनिटं संपली. मग काय होतं? टाकीत अकरा लिटर पेट्रोल असतं, ते हिंदकळताना ऐकू येतं, आणि इंजिन बंद पडलेलं असतं. मागच्या आठवडाभरात माझ्या कानांनी तो आवाज बऱ्याच वेळा ऐकला आहे.

ताई, तू बस. उठू नकोस. माझं पूर्ण होऊ दे.

मी हे दाजींपासून लपवलेलं नाही. तसा कोणी समज करून घेऊ नये. त्याच दुपारी मी दवाखान्यात गेलो. ते दोन रुग्णांच्या मध्ये हात धूत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

"अर्धा तास कमी झाला म्हणजे."

"हो."

"या दिवसांत वारा पाठीशी असतो."

"असतो. पण नेहमी नसतो."

"आणि वेळ आलीच तर मी नाक वर करीन. पेट्रोल मागे येईल. पंप लावीन."

"दाजी, पंप मिनिटाला एक लिटर ओढतो. अकरा मिनिटं तेवढं नाक वर धरायचं म्हणजे विमान रांगायला लागेल. जरा आणखी वेग उतरला की ते हवेतून खाली पडेल."

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "दुरुस्तीला किती दिवस?"

"टाकी उतरवायची, पेट्रोलची वाफ घालवायची, पुढच्या कोपऱ्याला दुसरं तोंड काढायचं, वेल्डिंग, दाबाची चाचणी, मोजणी, मग साहेबांची तपासणी. तीन आठवडे."

"माझ्याकडे पंधरा दिवस आहेत."

त्यांचं हे म्हणणं आपल्याला समजेल. मघाशी कॅप्टनांनी सांगितलंच. दाजींच्या डाव्या डोळ्याची नजर मंद होत चालली आहे. त्यांचं उडायचं प्रमाणपत्र या महिनाअखेरीला संपतं आणि नवीन मिळणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हा प्रवास आत्ता झाला नाही तर पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कधीच नाही. म्हणून तर आजचा समारंभ, म्हणून उद्या पहाटेचं उड्डाण. नऊ वर्षं एका माणसाने काय डोळ्यांपुढे ठेवलं होतं, ते माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

"तू मोजलंस, मला सांगितलंस," दाजी म्हणाले. "तुझं काम संपलं. आता ते माझ्याकडे. ताईला तेवढं बोलू नकोस." आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

ज्या माणसाने केसभर वाकडी फासळी भंगारात टाकली होती, तो माणूस मला अर्ध्या तासावरून समजावत होता. मी त्यांना दोष देत नाही. आपलं सगळं आयुष्य एका दिवसावर येऊन उभं राहिलं तर मी तरी काय केलं असतं? मीही वाऱ्याचीच बाजू घेतली असती. खरं सांगायचं तर मी घेतलीच.

पुढे तीन वेळा मी परत विषय काढला. एकदा शेडमध्ये, एकदा फोनवर, एकदा रस्त्यात. तिन्ही वेळा दाजी बोलायला लागले आणि मला त्यांचं पटलं. त्यांचं बोलणं तसंच आहे. दात काढून घेतात आणि आपण आभार मानून बाहेर येतो.

रविवारी ताईने जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर दाजी नकाशा घेऊन आत गेले. ताई त्यांचे कपडे लहानशा पिशवीत भरत होती, कारण विमानात मोठ्या पिशवीला जागा नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "टाकी नीट झाली ना रे?"

"नीट आहे."

"तसं नको. इकडे बघून सांग."

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नीट आहे गं ताई."

"बरं," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. आणि यांच्यावर माझा विश्वास नाही, उडायचं म्हटलं की हे काहीही सांगतात. पहिल्या वेळी म्हणाले, फक्त धावपट्टीवर पळवून बघतो, आणि वरून मला हात हलवला. पण टाकी तू केली आहेस. म्हणून मी गप्प आहे."

एवढं बोलून तिने पिशवीची चेन ओढली.

सभागृहातल्या आपणा सर्वांना मी विचारतो. माझ्या जागी आपण असता तर त्या क्षणी काय केलं असतं? मी चहा घेतला आणि घरी आलो. लहानपणी ताई मला शाळेत बोट धरून न्यायची. ओढा लागला की आधी स्वतः पाय टाकून बघायची, मग मला म्हणायची, ये. त्या बहिणीला मी तोंडावर खोटं सांगितलं, आणि तिने ते पिशवीत कपड्यांबरोबर भरलं.

मी देवाकडे कधी काही मागत नाही. मला ते बरं वाटत नाही. नमस्कार करावा, आपलं काम करावं, एवढंच मला येतं. पण या नऊ दिवसांत मी रोज सकाळी मागत होतो. उद्या वारा पाठीशी असू दे. किनारा स्वच्छ असू दे. बुधवारी मागितलं, गुरुवारी मागितलं, रोज थोडं जास्त मागितलं. आज सकाळी हात जोडून बसलो आणि तेच शब्द तोंडात आले, आणि मी तिथेच थांबलो. लाज वाटली. चूक मी केली. फरशीवर पाणसळ मी ठेवली. सही मी केली. आणि आता समुद्रावरचा वारा देवाने माझ्यासाठी फिरवावा? माझ्या टाकीचं तोंड चुकीच्या कोपऱ्यात आहे, ते बरोबर करायचं काम देवाकडे कसं देता येईल? मी प्रार्थना करत होतो असं मला वाटत होतं. मी माझं काम दुसऱ्याच्या अंगावर ढकलत होतो.

पूजा अर्धी टाकून उठलो. असं याआधी कधी झालेलं नाही.

आता आवरतं घेतो. सचिव, तुम्ही बेल खाली ठेवलीत, तुमचे आभार. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत यापुढे "टाकी बनवणाऱ्या कारागिराचा सत्कार" असं छापलं आहे. तो पुष्पगुच्छ कृपया मला देऊ नये. दाराशी माझे मित्र माझ्यासाठी टाळ्या वाजवायला आले आहेत. त्यांनीही राग मानू नये.

साहेब, समारंभ सुरू होण्याआधी मी आपल्या हातात एक पाकीट दिलं. त्यात लिहिलंय की पाच महिन्यांपूर्वीची माझी मोजणी चुकीची आहे आणि मी माझी सही परत घेतो. आपण ते वाचलंत आणि मला एवढंच विचारलंत, "डॉक्टरांना ठाऊक आहे?" मी म्हटलं, भाषणात सांगतो. तर सांगतो आहे.

हे घरात का सांगितलं नाही, असं कोणी म्हणेल. घरात सांगितलं, ते चार वेळचं मघाशी आलंच. घरात दाजी जिंकतात. इथे त्यांना उत्तर द्यायला माईक माझ्याकडून घ्यावा लागेल, तेवढा वेळ मला मिळाला. एखाद्याच्या निरोपाच्या सभेत, त्याच्या फुलांसमोर, त्याच्या माणसांदेखत असं बोलणं शोभत नाही, हे मला कळतं. ज्याने मला नऊ वर्षं शिकवलं त्याच्याशी मी असा वागलो, हे मला पुढे रोज आठवणार आहे. कदाचित उद्या वारा पाठीशी असेलही. कदाचित दाजी दुपारी भिंगरीच्या दारात उतरले असते, आणि मामा उगाच घाबरला म्हणून तुम्ही सगळे मला हसला असता. तसं होणारच नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. म्हणूनच मला झोप नव्हती.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत. वेळ मी दुपटीहून जास्त घेतला. मंडळाने एका पत्रेकाम करणाऱ्याला नऊ वर्षं आपल्यात बसवलं, त्याबद्दल मी कायम आभारी राहीन. समारंभाचा रंग माझ्यामुळे गेला. शब्द मला जमवता येत नाहीत, कुठे कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर आपण मोठ्या मनाने पदरात घ्यावं. ताई, तुझ्याशी रविवारी जे बोललो त्याची माफी मी इथे मागत नाही. घरी येऊन मागेन. तू दार उघडलंस तर.

आणि दाजी, शेवटचं तुमच्याशी.

आज दुपारी तुम्ही दवाखान्यात शेवटचे रुग्ण तपासत होता, तेव्हा मी माझ्याजवळच्या किल्लीने शेड उघडली. टाकीचे चारही पट्टे सोडले, पंपाची वायर काढली, नळ्या सोडवल्या. पंखाकडे जाणाऱ्या नळीला बूच बसवलं, गळत नाही ना ते तीनदा पाहिलं. विमानाच्या नोंदवहीत तारीख घालून लिहिलं. पंखांच्या दोन टाक्यांवर ते पूर्वीसारखं उडेल, महिनाअखेरपर्यंत रोज उडवा, मी पेट्रोल भरायला येईन. टाकी दुकानात नेली. ती तशीच ठेवावी आणि गप्प बसावं, असंही एकदा वाटलं. पण तुम्ही आज घरी येऊन मला एक हाक मारली असती तर मी स्वतः ती रातोरात परत बसवली असती. मी स्वतःला ओळखतो. म्हणून तिच्यात काठोकाठ पाणी भरलं, वाफ निघून जाऊ दिली आणि हाताच्या करवतीने ती मधोमध कापली. पाऊण तास लागला. वेल्डिंग कुठेही उकललं नाही.